पंचवीस वर्षांच्या सुट्या आज विकत घ्याव्यात काय?

मध्यमवर्गीय कुटुंबाच्या अंदाजपत्रकात सुटीतील प्रवासाला स्वतंत्र रकाना मिळाला, ही गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतील घटना होय. त्यापूर्वी मे महिना आजोळचा आणि दिवाळी गावच्या घराची. प्रवास घडे तो लग्नकार्यासाठी, नाही तर कुलदैवताच्या दर्शनासाठी. हवापालटासाठी कोठे तरी जाऊन राहावे, ही कल्पना आता रुजली आहे, आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. वर्षभर फळ्यापुढे उभ्या राहणाऱ्या किंवा फायलींत मान घालून बसणाऱ्या माणसाने आठ दिवस डोंगर किंवा समुद्र पाहिला, तर त्याला कोणी उधळपट्टी म्हणू नये. परंतु गरज निर्माण झाली की तिच्या पाठोपाठ बाजार येतो. सुटीच्या बाजारातील एक माल असा आहे, की त्याची किंमत आज मोजावयाची आणि उपभोग पंचवीस वर्षे घ्यावयाचा. त्याला ‘टाइमशेअर’ किंवा सुटीचे सभासदत्व म्हणतात.

प्रस्तुत लेखकालाही काही काळापूर्वी अशा एका कंपनीचे निमंत्रण आले. पतिपत्नीने मिळून यावे, एवढीच अट होती. येणाऱ्यास भेटवस्तू होती. एका हॉटेलच्या सभागृहात नीटनेटक्या पोशाखातील एका अदबशीर तरुणाने दोन तास आमचे स्वागत केले. पाच लाखांपासून सुरू झालेली किंमत चहा येईपर्यंत साडेचारांवर आणि निघावयाच्या वेळी चारांवर आली. मात्र ही सवलत ‘फक्त आजच्या दिवसापुरती’ होती. “भाचीचे लग्न मेमध्ये निघाले तर त्या वर्षीच्या सुटीचे काय?” असे पत्नीने विचारले. “मॅडम, ती पुढच्या वर्षात जोडून मिळेल,” असे तत्पर उत्तर आले. “आणि पुढच्या वर्षी मुलाची बारावी आहे,” असे ती म्हणाली, तेव्हा त्या तरुणाने दुसरे माहितीपत्रक उघडले. आम्ही सही न करता परतलो. तो तरुण खोटे बोलत होता, असे मला वाटत नाही. परंतु पत्नीने विचारलेल्या दोन प्रश्नांतच या साऱ्या व्यवहाराचे मर्म होते, हे घरी येऊन कागदावर आकडे मांडल्यावर कळले.

कल्पनेचा उगम

ही कल्पना मुळात वाईट नाही. डोंगरातील एक सुसज्ज घर एकट्याने घेणे परवडत नाही आणि वर्षातील बहुतेक दिवस ते रिकामेच राहते. मग पन्नास कुटुंबांनी एकेक आठवडा वाटून घ्यावा, या साध्या विचारातून ती १९६०च्या दशकात युरोपात पुढे आली. स्वित्झर्लंडमधील हापिमाग ही संस्था १९६३ची. एका ठिकाणचा आठवडा देऊन दुसऱ्या ठिकाणचा घेता यावा, यासाठी अदलाबदल करणारी आर. सी. आय. ही कंपनी १९७४ मध्ये अमेरिकेत निघाली. आपल्याकडे १९८०च्या दशकाच्या मध्यास हा व्यवसाय आला. स्टर्लिंग ही कंपनी १९८६ची, महिंद्र समूहाची १९९६ची.

या प्रवासात मूळ कल्पनेचे रूप मात्र पालटले. आपल्याकडे आज प्रामुख्याने विकले जाते ते घर नव्हे, घराचा हिस्साही नव्हे. सात-बाराच्या उताऱ्यावर सभासदाचे नाव कोठेही लागत नाही. ठरलेल्या मुदतीपर्यंत, बहुधा पंचवीस वर्षे, दरसाल ठरावीक रात्री कंपनीच्या निवासस्थानांत राहण्याची परवानगी, एवढेच सभासदाला मिळते. तीही खोली शिल्लक असेल तर. याला गुंतवणूक म्हणणे म्हणजे ग्रंथालयाच्या वर्गणीला पुस्तकांची मालकी म्हणण्यासारखे आहे.

हिशेब काय सांगतो?

सोयीसाठी एक उदाहरण घेऊ. प्रवेशमूल्य चार लाख, वर्षाला सात रात्री, मुदत पंचवीस वर्षे आणि वार्षिक देखभाल शुल्क वीस हजार. विक्रेता चार लाखांना १७५ रात्रींनी भागतो आणि रात्रीला २,२८६ रुपये पडतात, असे दाखवितो. या भागाकारात दोन गोष्टी गाळलेल्या असतात. एक म्हणजे वार्षिक शुल्क आणि दुसरी म्हणजे व्याज.

चार लाख रुपये सात टक्के व्याजाच्या ठेवीत ठेवले आणि मुद्दलासह पंचवीस वर्षांत समान हप्त्यांनी संपवावयाचे ठरविले, तर दरसाल सुमारे ३४,३०० रुपये हाती येतात. त्यात देखभाल शुल्काचे वीस हजार मिळविले, की एका वर्षाचा खर्च ५४,३०० आणि एका रात्रीचा पावणेआठ हजार होतो. प्रवासभाडे व बहुधा जेवणखाण यांहून वेगळे.

यावर विक्रेत्याचे उत्तर तयार असते: हॉटेलचे भाडे दरसाल वाढते, तुमचे प्रवेशमूल्य मात्र आजच गोठले. हा युक्तिवाद खरा आहे आणि त्याला योग्य ते वजन दिले पाहिजे. भाडे आणि देखभाल शुल्क ही दोन्ही दरसाल सहा टक्क्यांनी वाढतात असे धरले, तर आजच्या किमतींत प्रवेशमूल्याचा वार्षिक भार अठरा हजारांच्या आसपास येतो. शुल्क धरून अडतीस हजार. म्हणजे रात्रीला सुमारे ५,४०० रुपये. त्याच वेळी हेही लक्षात ठेवावे, की वीस हजारांचे शुल्क या गतीने पंचविसाव्या वर्षी ८१ हजारांवर जाते, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते वर्ष निवृत्तिवेतनाचे असते.

तेव्हा निष्कर्ष असा, की जे कुटुंब एरवीही रात्रीला साडेपाच हजारांहून अधिक भाड्याच्या जागेत राहिले असते, आणि जे एकही वर्ष, एकही रात्र वाया जाऊ देणार नाही, त्याला हा सौदा लाभाचा. पंचवीसपैकी पंधराच वर्षे सुटी घेता आली, तर तीच रात्र नऊ हजारांवर जाते, कारण न गेलेल्या वर्षीही शुल्क भरावेच लागते. रोकड नाही म्हणून चौदा टक्के व्याजाने चार वर्षांच्या मासिक हप्त्यांवर सभासदत्व घेतले, तर चार लाखांचे सव्वापाच लाख होतात. मग लाभाची बाब उरत नाही.

शाळेची घंटा आणि सुटीचे रंग

आता खरा प्रश्न. आपले घर पंचवीसपैकी किती वर्षे सहकुटुंब प्रवासाला मोकळे असते? मूल सहा वर्षांचे असताना सभासदत्व घेतले, असे समजा. नवव्या-दहाव्या वर्षी त्याची शालान्त परीक्षा, पुढे दोन वर्षांनी बारावी आणि प्रवेशपरीक्षा. त्यानंतर वसतिगृह, नोकरी, दुसरे शहर. दोन मुले असतील तर ही वर्षे एकामागून एक येतात. मध्ये वृद्ध आईवडिलांचे आजारपण असते, बदली असते, बहिणीच्या घरचे कार्य असते. चौघांनी मिळून निवांत आठ दिवस बाहेर जावे, अशी वर्षे मोजायला बसले तर दहा-बाराच्या पुढे फारशी जात नाहीत. करार मात्र पंचवीस वर्षांचा असतो. न वापरलेल्या रात्री पुढे जोडून घेण्याची सोय असली, तरी तिला मर्यादा असते. आणि साठलेल्या चौदा रात्रींसाठी रजाही तेवढीच लागते.

शिक्षकांची अडचण याहून अवघड. या योजनांत वर्षाचे भाग पाडून त्यांना रंग दिलेले असतात. एका मोठ्या कंपनीत जांभळा, लाल, पांढरा आणि निळा अशी उतरंड आहे: जांभळा सर्वांत गर्दीचा व महाग, निळा सर्वांत स्वस्त. शिक्षकाला सुटी असते ती मे महिन्यात आणि दिवाळीत, म्हणजे नेमकी गर्दीच्या दिवसांत. स्वस्त रंग घेतला तर सुटीत खोली मिळत नाही आणि खोली मिळते तेव्हा शाळा चालू असते. महाग रंग घेतला तरी त्याच दोन आठवड्यांसाठी राज्यातील प्रत्येक शाळकरी मुलाचे पालक त्याच खिडकीशी उभे असतात. हक्क पुष्कळ आणि खोल्या थोड्या, ही या व्यवसायातील जुनी तक्रार आहे, आणि ग्राहक न्यायालयांपर्यंत ती वारंवार गेली आहे.

कारकून वर्गाची एक समजूतही येथे दूर करावयास हवी. रजा प्रवास सवलतीत मिळते ते प्रवासाचे भाडे. राहण्याचा खर्च तीत बसत नाही. सवलतीमुळे सभासदत्व ‘फुकटात’ वसूल होईल, हा हिशेब चुकीचा आहे.

मग हे कोणासाठी आहे? मुले मार्गी लागली आहेत, रजा केव्हाही घेता येते, हाती कर्जाविना रोकड आहे आणि चांगल्या हॉटेलात राहण्याची सवय आधीपासूनच आहे, अशा जोडप्याने गर्दीबाहेरच्या मोसमाचे सभासदत्व घेतले, तर ते पश्चात्ताप करणार नाही. दरसाल बाहेर पडण्याची शिस्त त्यामुळे लागते, हा लाभ पैशांत मोजता येत नाही, पण तो खरा आहे. मात्र १९७५ मध्ये स्थापन झालेल्या राज्य पर्यटन विकास महामंडळाच्या निवासांत किंवा कोकणातील घरगुती खोलीत दोन-अडीच हजारांत जे कुटुंब आनंदाने राहते, त्याने साडेपाच हजारांची सुटी स्वस्तात मिळाली म्हणून हुरळून जाण्याचे कारण नाही.

कायदा आणि विवेक

युरोपीय संघाने १९९४ मध्येच या विक्रीवर निर्बंध घातले. २००८च्या निर्देशानुसार ग्राहकाला कारण न देता चौदा दिवसांत माघार घेता येते आणि त्या मुदतीत विक्रेत्याला पैसाही घेता येत नाही. सभागृहातील दोन तासांच्या भुलीवर घरच्या निवांत विचाराचा उतारा कायद्यानेच दिलेला आहे. आपल्याकडे या व्यवसायासाठी असा स्वतंत्र कायदा नाही. काही कंपन्या करारात माघारीची मुदत आपणहून देतात. पण जी कंपनीच्या मर्जीवर आहे तिला हक्क म्हणता येत नाही. तसा कायदा येथेही झाला पाहिजे.

तोवर २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा हाच आधार. सेवेतील त्रुटीबद्दल आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत केली पाहिजे. एकतर्फी अटींच्या अन्याय्य कराराविरुद्ध राज्य आयोगाकडे जाता येते. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे.

पण आयोगाची पायरी चढण्यापेक्षा सही लांबणीवर टाकणे सोपे. कराराचा मसुदा घरी आणावा. शुल्कवाढीला कमाल मर्यादा आहे काय, मेमधील आरक्षण किती महिने आधी करावे लागते, मध्येच सोडल्यास किती रक्कम परत मिळते, हक्क दुसऱ्यास देता येतो काय, या चार प्रश्नांची उत्तरे तोंडी नव्हे, लेखी मागावीत. घ्यावयाचे ठरलेच, तर एखाद्या जुन्या सभासदाची उरलेली मुदत कंपनीच्या संमतीने कमी किमतीत मिळते काय, हेही पाहावे. आणि मग घरातील सर्वांनी मिळून गेल्या दहा वर्षांतील सुट्या आठवाव्यात: किती ठरल्या, किती झाल्या, कोणत्या कारणाने राहिल्या. पुढील पंचवीस वर्षांचा याहून खरा अंदाज कोणत्याही माहितीपत्रकात मिळणार नाही.

आमच्या घरी ती यादी केली. दहांपैकी चार सुट्या झाल्या होत्या. राहिलेल्या सहांपैकी दोन वडिलांच्या दुखण्यात गेल्या, आणि त्या वेळी बँकेत जे होते ते उपयोगी पडले. आगाऊ विकत घेतलेल्या रात्री मोडून औषधाचे बिल देता आले नसते.