विळी, सोलाणं आणि सफरचंद

श्रावणापासून दिवाळीपर्यंत मुंबईत सफरचंदांची चंगळ असते. आधी हिमाचलचा माल उतरतो, पाठोपाठ काश्मीरचा. अमेरिकेहून आलेल्या सॅम्युअल स्टोक्स यांनी सिमल्याजवळच्या कोटगढ भागात १९१६ च्या सुमारास ‘रेड डिलिशियस’ची लागवड सुरू केली, आणि त्या डिलिशियस जातीची फळं आज दादर-लालबागच्या हातगाड्यांवर रचलेली दिसतात. घाऊक फळबाजार क्रॉफर्ड मार्केटातून वाशीला गेला, तरी किरकोळ विक्री इथे जोरात असते. फळ घरी आलं की प्रश्न उरतो तो सोलण्या-कापण्याचा.

गिरगाव-परळच्या चाळींत वर्षानुवर्षं त्याला एकच उत्तर होतं: विळी. बीडीडी चाळीतली खोली जेमतेम १६० चौरस फुटांची. त्यातच मोरी, चूल, अंथरुणं. उभ्याने चिरायला जागा कुठली? फरशीवर विळी मांडायची, काम झालं की भिंतीला टेकवून ठेवायची. कोकणातून गिरणीत आलेल्या माणसांच्या गावाकडे ती होतीच. मालवणी मुलखात तिला आडाळो म्हणतात. टोकाला खवणी असली की नारळही त्याच बैठकीत खवून होतो.

सुरीत पातं फिरतं आणि फळ धरून ठेवावं लागतं. विळीत पातं जागेवर उभं असतं आणि फळ फिरतं. पाटावर पाय किंवा गुडघा दाबून बसलं की दोन्ही हात मोकळे होतात. सफरचंदासारख्या गोल, गुळगुळीत फळाला याचा फार फायदा होतो. देठाची बाजू वर ठेवून ते पात्यावर दाबलं की दोन फाकी होतात, त्यांच्या पुन्हा दोन. मग फोडीचा आतला भाग पात्याच्या वळणावर टेकवून मनगट किंचित फिरवायचं. बिया आणि भोवतीचा चिवट भाग एका तुकड्यात खाली पडतो. साल शेवटी काढायची, फोड आपल्यापासून दूर पात्याकडे ढकलत. सरावलेल्या हातून निघालेली साल इतकी पातळ असते की तिच्यातून बोटं दिसतात.

विळीचं एक वैगुण्य मात्र मान्य केलं पाहिजे. जुन्या पोलादी पात्याने कापलेली फोड कडेने काळपट पडते, कारण सफरचंदातली फिनॉल द्रव्यं लोखंडाशी संयोग पावतात. फोडी तपकिरी होण्याची क्रिया वेगळी. कापताना पेशी फुटतात, हवेतला ऑक्सिजन आत शिरतो आणि फळातलंच एक विकर ही द्रव्यं रंगवून टाकतं. स्टीलचं पातं वापरलं तर काळेपणा टळतो. तपकिरी रंगाला लिंबाचा रस किंवा चिमूटभर मिठाचं पाणी लागतं. मंडळाच्या सत्यनारायणाला परातभर फळं चिरून ठेवायची असतात, तिथे जाणत्या बायका आधी लिंबू पिळतात, मग केळ्याला हात लावतात.

घरात ओटा आला, माणसं उभ्याने स्वयंपाक करू लागली, आणि विळी सिंकखाली गेली. तिची सोलायची कामगिरी सोलाण्याने घेतली. अमेरिकेत सफरचंद सोलण्याच्या यंत्राचं पेटंट मोझेस कोट्स यांनी १८०३ मध्येच घेतलं होतं. दांडा फिरवला की फळ फिरे आणि पातं साल काढी. तिथे हंगामात पोत्यांनी सफरचंदं वाळवायची असत, म्हणून यंत्र लागलं. घरगुती कामाला आलं ते स्वित्झर्लंडमध्ये १९४७ साली निघालेलं आडव्या पात्याचं ‘रेक्स’ सोलाणं. त्याचं पातं हलतं, फळाच्या गोलाईवर आपोआप कलतं, म्हणून सालीबरोबर गर जात नाही.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती त्यानंतरची गोष्ट. सॅम फार्बर नावाच्या अमेरिकन उद्योजकाच्या पत्नीला, बेट्सी यांना, संधिवात होता. सफरचंद सोलताना पातळ धातूची मूठ त्यांना धरवेना. त्यातून जाड, मऊ, रबरी मुठीचं सोलाणं जन्माला आलं आणि १९९० मध्ये ‘ऑक्सो’ नावाने बाजारात आलं. दुखऱ्या हातासाठी केलेली ती मूठ निरोगी हातालाही सोयीची ठरली. आपल्याकडे सांधे धरलेल्या कितीतरी आज्या अजून पत्र्याच्या धारदार मुठीशी झगडतात. हे थांबायला हवं.

आठ फोडी एका दाबात करणारा गोल कटर दादरच्या फेरीवाल्यांकडे हमखास मिळतो. मोठ्या, सारख्या आकाराच्या फळाला तो चांगला. लहान काश्मिरी फळाला नाही: मधलं भोक बियांवर नीट बसत नाही आणि गर वाया जातो. शिवाय त्याला घरी धार लावता येत नाही.

साल काढावी का, हा वेगळा मुद्दा. मध्यम सफरचंदात सालीसकट साधारण ४ ग्रॅम तंतू असतात. साल काढली की जवळपास निम्मे जातात. निरोगी माणसाने फळ नीट धुऊन सालीसकटच खावं. काही फळांना टिकण्यासाठी मेणाचा लेप दिलेला असतो, तो कोमट पाण्यात चोळून थोडाफार जातो.

पण परळला हा नियम उलटा होतो. तिथे केईएम रुग्णालय १९२६ पासून, टाटा मेमोरियल हे कर्करोग रुग्णालय १९४१ पासून, आणि दोन्हींच्या आसपास फळांच्या गाड्या. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी उतरल्या की डॉक्टर बहुधा कच्चं फळ सोलूनच द्यायला सांगतात. बाहेरगावाहून आलेले नातेवाईक धर्मशाळेत राहतात, त्यांच्या पिशवीत ताट-वाटी असते, सोलाणं नसतं. मग कुणाकडून तरी मागितलेल्या बोथट सुरीने फळ सोललं जातं, बोट कापतं, निम्मा गर जातो. सोलण्याआधी सफरचंद धुणंही तितकंच गरजेचं, नाहीतर सालीवरची घाण पात्याबरोबर आत जाते.

या दिवाळीत परळला कुणाला भेटायला जाणार असाल, तर सफरचंदांच्या पिशवीत जाड मुठीचं एक नवं सोलाणं टाका. ते धुऊन, कोरड्या डब्यात ठेवायला सांगा.