मिनिटाला २० लिटर तेल

सुझुकीची जीएसएक्स-आर ७५० ही मोटरसायकल १९८५ साली बाजारात आली. तिचं चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला १०,५०० फेरे घेताना १०० अश्वशक्ती देई. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दर दोन फेऱ्यांना एकदा पेटतो. म्हणजे चारही मिळून मिनिटाला २१,००० भडके, सेकंदाला ३५०! भडक्याचं तापमान २,००० अंशांच्या वर जातं आणि वरचं हेड ॲल्युमिनियमचं. हा धातू ६६० अंशांना वितळतो, मऊ तर त्याच्या कितीतरी आधी पडतो.

मग हेड टिकतं कसं? हवेचा भरवसा नव्हता. एक लिटर हवा एका अंशाने तापताना जेवढी उष्णता घेते, तिच्या सुमारे १,४०० पट एक लिटर तेल घेतं. पाणी तेलाच्याही दुपटीहून जास्त घेतं, पण पाणी म्हटलं की त्याचा वेगळा पंप, त्याच्या वाटा, रेडिएटर आणि वजन. सुझुकीला गाडी हलकी हवी होती. पेट्रोल-तेल न भरता तिचं वजन १७६ किलो भरलं. इंजिनात तेल तर असतंच. सुझुकीचे अभियंते एत्सुओ योकोउची यांच्या चमूने त्यालाच कामाला लावलं.

कंपनीतून ऑइल कूलर बसवून आलेल्या बहुतेक गाड्यांत वंगणाचं तेल तेवढं थंड होऊन परत येतं. इथे पंपाचा एक खास भाग फक्त थंड करण्यासाठी होता. ज्वलनकक्षाच्या छतावर तो बारीक तोंडांतून मिनिटाला २० लिटर तेलाचा मारा करी. पिस्टनचा व्यास ७० मिलिमीटर. तेवढ्याशा छताच्या वाट्याला मिनिटाला ५ लिटर. आणि इंजिनातलं एकूण तेलच जेमतेम ५ लिटर, म्हणजे तेच तेल मिनिटाला चारदा वर जायचं. प्रत्येक खेपेला ते २५ अंशांनी तापतं असं धरलं, तर जवळपास १४ किलोवॉट उष्णता बाहेर पडते. घरातले दोन किलोवॉटचे सात गीझर एकदम लावल्यासारखी!

ही गाडी सगळीकडे सारख्या ताकदीची नव्हती. जपानी कंपन्या देशातल्या ७५० सीसीच्या गाड्यांना ७७ अश्वशक्तीची मर्यादा पाळत, म्हणून घरच्या गाडीची ताकद तिथेच रोखली. युरोपला १०० मिळाली. अमेरिकेला तर गाडीच १९८६ मध्ये पोचली. जवळपास पाव ताकद कापलेल्या जपानी गाडीला साध्या हेडवर भागवता आलं असतं. सुझुकीने तसं केलं नाही, तेलाचा तोच मारा तिलाही दिला. मला या इंजिनातलं हे फार आवडतं.

१९८५ च्या ल माँ इथल्या मोटरसायकलींच्या २४ तासांच्या शर्यतीत जीएसएक्स-आर पहिली आणि दुसरी आली. मिनिटाला २० लिटर याच हिशेबाने २४ तासांत हेडवर २८,८०० लिटर तेल पडतं. दहा हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर, एका मोटरसायकलच्या पोटातून.