माझदा एमएक्स-५: पहिली पिढी की दुसरी?

सेकंडहँड एमएक्स-५ घेताना आधी पिढी ठरवावी लागते. १९८९ मध्ये आलेली पहिली पिढी वजनाला हलकी. बटण दाबताच वर येणारे तिचे हेडलाइट अनेकांना भुरळ घालतात. १९९८ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीत हेडलाइट स्थिर झाले आणि कापडी छताच्या मागच्या प्लॅस्टिकच्या खिडकीजागी काच आली. प्लॅस्टिक कालांतराने पिवळं पडतं, चिरतं; काच टिकते. गंज मात्र दोन्ही पिढ्यांना लागतो. दारांखालचा पत्रा आणि मागच्या चाकांवरची कमान बोटाने दाबून पाहा. रंगाखाली फुगवटा दिसला, तर पत्रा आतून खाल्लेला असण्याची शक्यता मोठी. रोजच्या वापराला दुसरी पिढी सोयीची. तरी निवड पिढीवर नव्हे, पत्र्यावर करा: गंजलेल्या पहिलीपेक्षा निकोप दुसरी केव्हाही बरी.