रिकामी टेस्ट हिरवी दिसते

सकाळी ९.३०
लॅपटॉप उघडला की आधी रात्रीच्या रनचा निकाल बघते. ४१२ टेस्ट्स, ३८८ पास, २४ स्किप्ड, फेल एकही नाही. आमचं सॉफ्टवेअर पतसंस्थांचं: ठेवी, व्याज, कर्जाचे हप्ते. गुरुवारी रिलीज. आजचा दिवस मी अर्धवट राहिलेल्या टेस्ट्ससाठी मागून घेतलाय.

१०.१५
स्टँडअपमध्ये टीममधला नवा मुलगा म्हणाला, "ताई, स्किप्ड चोवीसच आहेत, दुपारपर्यंत उरकतील." त्या चोवीसांची मला धास्ती नाही, आपण चाललो नाही हे त्या उघड सांगतात. मला हव्यात त्या पास झालेल्यांत दडून बसलेल्या.

१०.४५
सापडल्या. एकीचं नाव 'व्याज पूर्ण रुपयात', आणि आत एकच शब्द: पास. पायथनमध्ये त्याचा अर्थ 'काही करू नको' इतकाच. पण एरर आली नाही की पायटेस्ट ती टेस्ट उत्तीर्ण धरतं. अशा ११ निघाल्या. कुणीतरी घाईत सांगाडा उभा केला, नंतर भरू म्हणून, आणि ते राहूनच गेलं.

१२.००
ती व्याजाची टेस्ट लिहायला घेतली. नियम असा, की पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर वरचा रुपया. १२.५० चे १३ यायला हवेत, आले १२. १३.५० चे मात्र बरोबर १४. पायथन ३ चं राउंड नेमक्या अर्ध्यावर आलं की जवळच्या सम संख्येकडे जातं, त्याचा हा परिणाम. ठेवीदाराचा एक रुपया कमी पडत होता आणि आमच्या रिपोर्टमध्ये तिथं हिरवा ठिपका होता. हे मला फार लागलं.

कोड दुरुस्त होईपर्यंत टेस्टवर 'एक्सफेल'ची खूण केली. सोबत कारण, तिकीट नंबर आणि 'स्ट्रिक्ट'.

२.००
स्किप्डपैकी सात टेस्ट्सचं फीचरच कधीचं काढून टाकलेलं. त्या उडवल्या, जुनं सगळं गिटमध्ये आहेच. उरलेल्या दहा रिकाम्यांना कारणासकट स्किप लावला. 'नंतर बघू' हे कारण मी रिव्ह्यूत चालवून घेत नाही. काय अडलंय आणि कुणाकडे, ते लिहायचं.

४.३०
डेसिमल वापरून केलेली दुरुस्ती मर्ज झाली आणि व्याजाची टेस्ट लाल झाली. "ताई, आता तर उत्तर बरोबर येतंय, मग लाल का?" स्ट्रिक्ट लावला तो याचसाठी. फेल होणार असं आपण सांगितलेली टेस्ट पास झाली, म्हणजे खूण काढायची वेळ झाली. ती त्यालाच काढायला लावली.

६.००
एकटे काम करत असाल तर शेवटची टेस्ट मोडकी ठेवून उठा, उद्या तिथूनच सुरुवात होते, असं केंट बेक यांनी 'टेस्ट-ड्रिव्हन डेव्हलपमेंट'वरच्या पुस्तकात सुचवलंय. टीममध्ये मात्र सगळ्या चालत्या ठेवूनच कोड द्यायचा, हेही त्यांचंच सांगणं. मुलाची अर्धी लिहिलेली टेस्ट त्याच्या ब्रँचवरच ठेवायला सांगितली.

६.१५
शेवटचा रन: ४०५ टेस्ट्स, ३७८ पास, २७ स्किप्ड. सकाळपेक्षा हिरव्या दहा कमी. रिलीजच्या मेलमध्ये हेच आकडे लिहिले.