टिंबाच्या आज्ञेपासून दिसणाऱ्या पानापर्यंत

१९७८ साली आलेल्या वर्डस्टारमध्ये नवे पान हवे असल्यास ओळीच्या आरंभी टिंब देऊन ‘पीए’ लिहावे लागे. ठळक शब्दाच्या आधी व नंतर खूण करावी लागे. अक्षरे खरोखर ठळक झाली का, हे आम्हांस छापील कागदच सांगे. पुढे वर्ड आले, पान डोळ्यांपुढे दिसू लागले आणि आम्ही खुणाच सोडल्या. मथळे हाताने मोठे केले, नवे पान एंटर दाबदाबून गाठले. शिरपुरात या स्मरणिकेचे लेख जुळवताना एक परिच्छेद वाढला की पुढची सारी पाने सरकत. मोठे अक्षर म्हणजे मथळा, हे संगणकास कोठून कळणार? अखेर प्रत्येक मथळ्यास ‘हेडिंग’ शैली दिली, पानासाठी कंट्रोल-एंटर वापरले. पहिल्या तुकडीच्या आठवणींचा दोनदा चुकलेला पृष्ठांक तेव्हा कुठे अनुक्रमणिकेत जुळला.