‘शांती करणारा’ म्हणजे कोण?

बायबलच्या नव्या करारात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू ख्रिस्ताचे डोंगरावरील प्रवचन सुरू होते. त्यातल्या नवव्या वचनात ‘शांती करणारे’ धन्य म्हटले आहेत. मूळ ग्रीक शब्द आहे ‘एइरेनोपोइओस’. उच्चाराला अवघड खरा. पण मंडळी, तो तोडून बघा. ‘एइरेने’ म्हणजे शांती, आणि ‘पोइएइन’ म्हणजे करणे, घडवणे. सुतार खाट करतो ना, तसे करणे. कविता घडवणारा म्हणून ग्रीकांनी कवीला ‘पोइएतेस’ म्हटले. इंग्रजीतला ‘पोएट’ त्यातूनच आला. साऱ्या नव्या करारात ‘एइरेनोपोइओस’ या एकाच ठिकाणी येतो.

तेव्हा शांतीची आवड असणारा वेगळा आणि शांती करणारा वेगळा. शांत वृत्तीसाठी ग्रीकमध्ये ‘एइरेनिकोस’ हा निराळा शब्द होता. बांधावरून दोन भाऊ हातघाईवर आले असताना ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणून जो ओट्यावरून बघत राहतो, तो शांतताप्रिय असेलही. पण आपल्या शब्दात तो बसत नाही.

शांतीला कष्ट पडतात हे ग्रीकांना ठाऊक होते. इ. स. पू. 421 मध्ये अथेन्सला अरिस्टोफनीसचे ‘एइरेने’ नावाचेच नाटक झाले. अथेन्स आणि स्पार्टा यांच्या युद्धाला तेव्हा दहा वर्षे होत आली होती. अथेन्सभोवतीची शेते आणि द्राक्षमळे उजाड झाले होते. नाटकातला त्रुगाइओस हा मळेवाला शेणाचे गोळे लोटणाऱ्या एका अजस्र भुंगेऱ्यावर बसून थेट स्वर्ग गाठतो. तिथे कळते की युद्धाने शांतिदेवीला गुहेत टाकून वर धोंडे रचले आहेत. मग दोर लावून तिला ओढायचे ठरते. पण कुणी मनापासून ओढत नाही, तर कुणी उलटेच ओढतो. शेवटी एकटे शेतकरी दोराला लागतात आणि देवी वर येते! पुढे विळे करणारा खूश होतो, आणि भाले, शिरस्त्राणे विकणारे रडकुंडीला येतात.

पुढे राज्यकर्त्यांनीही हा शब्द आपल्या अंगाला लावून घेतला. दिओन कास्सिओस हा इतिहासकार सांगतो, की इ. स. 180 ते 192 एकट्याने राज्य केलेल्या कोम्मोदुस या रोमन बादशहाच्या बिरुदांत साऱ्या जगाचा ‘एइरेनोपोइओस’ असेही एक बिरुद होते. हा बादशहा आखाड्यात माणसांशी नि जनावरांशी झुंजायला उतरत असे! त्याच्या शांतीचा अर्थ इतकाच, की सगळे दबून आहेत.

आता जरा हिब्रूकडे वळू या, कारण खरी गोम तिथे आहे. येशू लोकांशी बोले तो अरामी भाषेत, आणि अरामी ही हिब्रूची बहीण. जुन्या कराराचे भाषांतर करताना ज्यू पंडितांनी ‘शालोम’साठी बहुधा ‘एइरेने’ हाच शब्द घातला होता. अरबीतला ‘सलाम’ याच कुळातला, म्हणजे आपण कुणाला सलाम सांगतो तेव्हा याच मुळाशी जातो. ‘शालोम’च्या धातूचा अर्थ नुसते गप्प होणे नव्हे, पुरते होणे, सगळे शाबूत असणे, आणि देणे चुकते करणे! निर्गमच्या 22 व्या अध्यायात कायदा आहे: कुणी आपली गुरे दुसऱ्याच्या शेतात चरू दिली, तर त्याने आपल्या शेतातल्या उत्तमातले उत्तम देऊन नुकसान भरून द्यावे. ‘भरून द्यावे’ या क्रियापदाचा धातू ‘शालोम’चाच.

गुरे शिरण्यावरून गावात काय काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. पंच दोघांना हात जोडायला लावतात आणि चहा पाजून घरी पाठवतात; पण ज्वारी गेली ती गेलीच. जो पीक गेलेल्या माणसाला भरपाई मिळवून देतो आणि मग दोघांना एकत्र बसवतो, तोच हिब्रू कानाला शांती करणारा वाटेल.

आपल्या ‘शांती’ शब्दाची इथे थोडी अडचण होते. तो ‘शम्’ धातूवरून आला. शमणे, निवणे हा त्याचा भाव. वर्गात गुरुजी ‘शांत बसा’ म्हणतात तो हाच. म्हणून शिक्षकांनी हे वचन सांगताना ‘सलोखा घडवणारा’ हा शब्द जोडीला द्यावा, असे मला वाटते. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे साध्या मराठीत भाषांतर केले, ते अशा अडचणी ओळखूनच.

याच शब्दाचे क्रियापदही नव्या करारात एकदाच येते, कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात. तिथे शांती केली जाते ती क्रुसावर सांडलेल्या रक्ताने. म्हणजे भरपाई दोन्ही पक्षांकडून वसूल झालेली नाही. शांती करणाऱ्याने ती आपल्या अंगावर घेतली.