बासष्ट वेळा पडलेला खेळाडू

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण अमेरिकेत, उत्तर कॅरोलायना राज्यातील शार्लट शहरी नोकरीस असतो. २०२४ च्या नाताळात तो घरी आला होता. मध्यरात्रीचा मिस्सा आटोपल्यावर तो मला भेटला आणि बोलता बोलता गोष्ट खेळावर गेली. "फादर, आमच्या संघाने एका पोरापायी सारे गमावले. ब्राइस यंग त्याचे नाव. दोन वर्षे झाली, नुसता पडतो आहे!" त्याच्या आवाजात इतका तिटकारा होता की मी त्यास बसवून घेतले व सारी हकीकत विचारली. पुढे मीही त्याविषयी वाचले. त्या पोरावर अन्याय होत आहे असे माझे तेव्हाच मत झाले.

अमेरिकेतील फुटबॉल हा आपल्या मुलांचा फुटबॉल नव्हे, हे प्रथम सांगितले पाहिजे. तेथे चेंडू लांबट असतो आणि तो मुख्यत्वे हातांनी नेतात व फेकतात. बाजूस अकरा गडी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावयाचे. न जमल्यास चेंडू दुसऱ्या पक्षाकडे जातो. चेंडू हाती येताच क्वार्टरबॅक नावाच्या खेळाडूने मागे सरून, दोन-तीन सेकंदांत, कोण मोकळा आहे हे हेरून फेक करावयाची. त्याच्या रक्षणास पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे असतात. ती भिंत फुटली की समोरचे खेळाडू त्याजवर कोसळतात. फेक होण्यापूर्वीच असे पाडले जाणे ह्यास तेथे 'सॅक' म्हणतात. २०२३ च्या हंगामात यंग ६२ वेळा पाडला गेला.

हा मुलगा कॅलिफोर्नियातील सांता आना येथील 'मातेर देई', म्हणजे देवमाता, ह्या कॅथोलिक विद्यालयात शिकला. (म्हणून मी त्याची बाजू घेतो असे कोणी म्हणू नये!) अलाबामा विद्यापीठाकडून खेळताना २०२१ मध्ये त्यास हाइसमन हे विद्यार्थी-खेळाडूंतील सर्वोच्च पारितोषिक मिळाले. एप्रिल २०२३ मध्ये कॅरोलायना पँथर्सने त्यास पहिल्या क्रमांकाने निवडले. त्या पहिल्या क्रमांकासाठी संघाने शिकागोस निवडीचे चार हक्क दिले आणि वर डी. जे. मूर हा आपला उत्तम झेल घेणारा गडीही देऊन टाकला. ऑक्टोबर २०२२ मध्ये ख्रिश्चन मॅकॅफ्री हा धावण्यात निष्णात खेळाडू सॅन फ्रान्सिस्कोकडे गेलाच होता. बियाणे आणण्यासाठी शेतकऱ्याने बैल विकावेत, आणि रान नांगरले गेले नाही म्हणून बियाण्यास दोष द्यावा, तसा हा प्रकार झाला.

त्यात रक्षक गडी जायबंदी होऊन सारखे बदलत राहिले. अकरा सामन्यांत एकच विजय मिळाल्यावर नोव्हेंबरमध्ये मुख्य प्रशिक्षकास काढण्यात आले. हंगामअखेर १७ पैकी १५ सामने गेले. खुद्द संघमालकाने ३१ डिसेंबर रोजी प्रेक्षकांवर पेय फेकले व त्यास ३ लाख डॉलर दंड झाला. मोठ्यांचा संयम असा सुटला असता बोटे मात्र बावीस वर्षांच्या मुलाकडे वळली. त्याच वर्षी दुसऱ्या क्रमांकाने निवडला गेलेला सी. जे. स्ट्राउड ह्यूस्टनमध्ये चमकला, त्यामुळे तुलनेस तर ऊतच आला. आपल्याकडेही शाळेत नवे मास्तर येतात. वर्गास धड फळा नसतो, पण निकाल लागला की पालक मास्तरांनाच धारेवर धरतात.

यंग निर्दोष होता असे मी म्हणत नाही. उंची पाच फूट दहा इंच, ह्या खेळाच्या मानाने कमीच. २०२४ चे पहिले दोन सामने संघ ४७-१० आणि २६-३ असा हरला, त्यात त्याचा खेळ खरोखर वाईट होता. त्यास बाजूस बसवून अँडी डाल्टन ह्या अनुभवी खेळाडूस पुढे केले गेले. परंतु त्याच वर्षीच्या मार्चमध्ये संघाने भिंत बांधावयास दोन रक्षक आणले होते: एकास पाच वर्षांसाठी १० कोटी डॉलर, दुसऱ्यास चार वर्षांसाठी ५ कोटी ३० लाख. पहिल्या वर्षी दोष कोठे होता ह्याची ह्याहून स्पष्ट कबुली कोणती हवी?

बाकावर बसविला गेला असता त्याने सहकाऱ्यांस दूषण दिल्याचे माझ्या वाचनात आले नाही. ऑक्टोबरमध्ये डाल्टनचा अंगठा मोटार अपघातात दुखावला आणि यंग परत मैदानात उतरला. नोव्हेंबरमध्ये न्यू ऑर्लिन्स व न्यूयॉर्क जायंट्स ह्यांच्यावर लागोपाठ विजय मिळाले. आमच्या तरुणाच्या हिशेबी ते नव्हतेच. ५ जानेवारी २०२५ रोजी अटलांटाविरुद्ध संघ ४४-३८ असा जिंकला. तीन वेळा यंगच्या फेकीने गुण झाले आणि दोनदा तो स्वतः चेंडू घेऊन गोलरेषेपार गेला. १६ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच अटलांटाविरुद्ध त्याने ४४८ यार्डांची फेक केली. पँथर्सच्या इतिहासात एका सामन्यात इतकी कोणी केली नव्हती. त्या हंगामात संघ आठ विजय व नऊ पराभवांनिशी का होईना, पण आपल्या गटात पहिला आला.

तरीही त्याची बाजू मी ह्या विजयांच्या आधारे मांडत नाही. तो पुढे एकही सामना जिंकला नसता तरी २०२३ चा हिशेब तोच राहिला असता.

हल्ली तोच तरुण मला दूरध्वनीवरून यंगची स्तुती ऐकवितो. परवा मी त्यास विचारले, "ज्या वर्षी तो बासष्ट वेळा पडला, त्या वर्षी त्याच्या पुढे भिंतीत कोण कोण उभे होते, आठवते का रे?"

बराच वेळ तो गप्प राहिला. त्यास एकही नाव सांगता आले नाही.